समोर बसून जेवणारी

सदर व्यक्ती : स्त्री, वय बावन्न, कंत्राटी गृहसेविका, वृद्ध विभाग. अनुभव एकोणीस वर्षे. सांस्कृतिक संवेदनशीलतेचे प्रशिक्षण : दोन दिवस, चहासह. शेरा : नियम क्रमांक अकराचे वारंवार उल्लंघन.

नियम अकरा असा, की सेविकेने लाभार्थ्याच्या घरी जेवू नये. नियम चार असा, की सेवा लाभार्थ्याच्या घरच्या रीतीला धरून असावी. दोघे एकाच पुस्तिकेत राहत होते, पण त्यांची गाठ कधी पडली नव्हती. ती पडली तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात.

आजींच्या घरी एकट्याने जेवायची रीत नव्हती. नवरा गेला, मुलं लांब गेली, रीत तेवढी राहिली. आधीच्या तीन सेविका ताट वाढून दारापाशी उभ्या राहत आणि वहीत 'जेवण दिले' असं लिहून निघत. त्यात खोटं काही नव्हतं. दिलेलं तसंच ताटात असे. आजींची हाडं वर आली.

चौथी ही. सगळे तिला ताई म्हणत. एका आजोबांची दाढी रेडिओ लावल्याशिवाय होत नाही, एका काकूंना आंघोळीचं विचारायचं नाही, नुसतं पाणी काढायचं, असली विद्या तिने घरोघरी गोळा केलेली. पहिल्याच दुपारी आजी म्हणाल्या, "उभी का गं? पाहुणी आहेस की पोलीस?"

ताईने पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि ती समोर बसली. आजींनी घास उचलला.

वहीत तिने लिहिलं, 'आजी जेवल्या. मीही जेवले.' रोज तेच. आठ आठवडे वही कोणी वाचली नाही. नवव्या आठवड्यात कोणीतरी वाचली आणि भर दुपारी निरीक्षक दारात हजर.

ताईला नोकरीची काळजी नव्हती, दुसरं घर मिळालं असतं. काळजी तिच्या जागी येणाऱ्या पाचवीची होती. ती दारापाशीच उभी राहणार.

"तुम्ही इथे जेवता?"

"जेवते, साहेब. डबा माझाच असतो."

"डबा कोणाचा, ते नियमात नाही."

"बरं," म्हणत ताईने डबा बंद केला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. आजींनी चमचा खाली ठेवला. भातावरची वाफ विरली.

"आजी, जेवा ना," निरीक्षक म्हणाला.

"तुम्ही दोघं खांबासारखे उभे. घशाखाली उतरेल का?"

"आम्ही ड्यूटीवर आहोत."

"मग मीही आहे. वाट बघायच्या ड्यूटीवर."

निरीक्षकाने फॉर्म चाळला. 'सेवा घरच्या रीतीला धरून आहे का?' या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग त्याने खुर्ची ओढली. "ताई, बसा तुम्ही."

"आणि तू रे?"

"माझं झालंय, आजी."

"तोंड बघ किती सुकलंय! अगं, याला वाढ."

अहवालात नोंद झाली : 'नियम क्रमांक अकराच्या अनुषंगाने प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. सविस्तर अभिप्राय यथावकाश सादर करण्यात येईल. तूर्त सेविकेची बदली करू नये.'

आजींनी त्या दुपारी दोनदा भात घेतला.