धुळवडीला धूसर झालेला सामना

आमच्या कंपनीवर पेटंटचा दावा दाखल झाला, त्या आठवड्यात मी ते पेटंट पहिल्यांदा वाचलं. खरं सांगायचं तर घाबरायच्या आधी मी थक्क झाले.

कंपनी म्हणजे बोईसरला हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते आधी लग्नांचं शूटिंग करायचे. मग गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा मोबाइलवर थेट दाखवायला लागले. त्यासाठी स्वतःचं ॲप हवं म्हणून त्यांनी मला कामावर घेतलं. मी सरावलीची. बाबा एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकून इंजिनिअर झालेली आमच्या घरातली मी पहिली. घराजवळ बसून असलं काम करायला मिळतंय, याचंच मला रोज नवल वाटायचं.

ते पेटंट मी डिक्शनरी जवळ ठेवून वाचलं. मोबाइलवर व्हिडिओ अखंड येत नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे येतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती तयार असतात: एक जड आणि स्पष्ट, दुसरी हलकी आणि धूसर. इथवर सगळ्या जगाला माहीत होतं. पेटंटातली गंमत पुढे होती. मागचा तुकडा किती वेगानं आला हे फोन स्वतःच मोजतो आणि त्यावरून पुढची प्रत कोणती मागायची ते ठरवतो. एवढंच. पण हे सुचायच्या आधी जगभर किती लोक पडद्यावरचं ते गोल फिरणारं चक्र बघत बसले असतील! ज्यांना सुचलं त्यांना एकदा नमस्कार करावा असं मला वाटलं. आणि ते पेटंट ज्या बड्या कंपनीकडे होतं, ती आम्हाला चोर म्हणत होती.

दादांनी मुंबईच्या एका वकीलबाईंना गाठलं. बाई वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण बोलणं नेमकं.

"कोर्टानं अंतरिम मनाई हुकूम दिला तर तुमचं ॲप त्याच दिवशी बंद," त्या म्हणाल्या. "खटला पुढे कितीही वर्षं चालो."

"ऐन सीझनमध्ये बंद झालं तर मंडळं दुसरीकडे जातील," दादा म्हणाले. "मग खटला जिंकून काय करू? फ्रेम करून लावू?"

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या ॲपमध्ये फोन वेग मोजतो?"

"नाही."

"मग चित्र कधी धूसर करायचं, हे कोण ठरवतं?"

मी दादांकडे पाहिलं. हे सांगायची मला लाज वाटत होती. "वेळापत्रक," मी म्हटलं.

"कसलं वेळापत्रक?"

"पाळ्यांचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग मी सगळं सांगितलं. एमआयडीसीत एक पाळी सुटते तेव्हा दुसरी आत जात असते. कंपन्यांच्या बसमध्ये, रिक्षांच्या रांगेत, कुंभवलीच्या नाक्यावर हजारो फोन एकदम खिशातून बाहेर येतात आणि नेटवर्क आडवं होतं. हे काही मी शोधून काढलेलं नव्हतं. लहानपणापासून आमचा स्वयंपाक आणि झोप बाबांच्या पाळीवर चालत आली होती. म्हणून मी सर्व्हरला सांगून ठेवलं, की पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना हलकी प्रत द्यायची आणि गर्दी ओसरली की पुन्हा जड. फोननं काही विचारायचं नाही. जे येईल ते दाखवायचं. कॉलेजातल्या मैत्रिणींना हे सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

"म्हणजे त्यांचा शोध तुम्ही वापरलेलाच नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "त्यांनी आपल्या जमिनीला जे कुंपण घातलंय, त्यात मोजणारा फोन आहे. तो तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही कुंपणाच्या बाहेर आहात. पण हे दाखवायचं कसं?"

अडचण खरी होती. त्यांच्या माणसांनी बोईसरला येऊन संध्याकाळी आमचं ॲप चालवून पाहिलं होतं. नेटवर्क मंदावलं तसं चित्र धूसर झालं, आणि त्याचा व्हिडिओ त्यांनी कोर्टात दिला होता. ती वेळ पाळी सुटायची होती, हे त्यांना कुठून माहीत असणार? आमचा कोडही त्यांच्या तज्ज्ञानं तपासला होता. त्याचं म्हणणं असं, की फोनच्या प्लेअरमध्ये वेग मोजण्याची सोय आहेच, मग ती वापरली जात असणारच.

दादा एकदम म्हणाले, "अगं, ती धुळवड!"

"ती कशाला काढता?" मी म्हटलं. त्या वर्षी धुळवडीला कुंभवलीच्या मैदानावर अंतिम सामना होता. कारखाने बंद, नेटवर्क मोकळं. पण वेळापत्रकात सणाची सुट्टी टाकायला मी विसरले होते. शेवटची ओव्हर चालू असताना सर्व्हरनं नसलेली पाळी सोडली आणि सामना धूसर झाला. बाबांचा घरून लगेच फोन आला होता. "तुमच्या कंप्युटरनं भांग घेतली काय? आज पाळी कुठं हाय? मी घरात बसलोय नं!"

ज्या दिवसाची आठवण मी टाळत होते, त्याच दिवसाचं रेकॉर्डिंग बाईंनी मागून घेतलं. सर्व्हरवरच्या नोंदीही घेतल्या. सगळ्या फोनांना एकाच क्षणी हलकी प्रत गेलेली होती. पालघरचा फोन असो की सरावलीचा, कोणाचं नेटवर्क कसंही असो.

सुनावणीला आम्ही मागच्या बाकावर बसलो. समोरचे ज्येष्ठ वकील इतकं सुंदर बोलले, की क्षणभर मलाच वाटलं, आपण चोरी केली असावी. मग बाई उठल्या आणि त्यांनी धुळवडीचा सामना लावला. गोलंदाज धावत आला आणि चेंडू सुटायच्या आत चित्र पाण्यात विरघळल्यासारखं झालं. पडद्याच्या कडेनं प्रेक्षकांच्या कमेंट्स वर सरकू लागल्या. बाईंनी इंग्रजी भाषांतर पुढे केलं. न्यायमूर्तींनी ते बाजूला ठेवलं आणि चष्मा सारखा करून स्वतःच वाचायला लागले.

"'बाकी सगळं फुल स्पीडनं चालतंय, तुमचीच मॅच का आंधळी झाली? आज कारखाना बंद हाय, पाळी नाय, काय नाय.'" त्यांनी मान वर केली. "पुढची शिवी मी वाचत नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी समोरच्या वकिलांना इंग्रजीत विचारलं, "फोन मोजत असता, तर नेटवर्क मोकळं असताना त्यानं हलकी प्रत का मागितली असती?"

उत्तर बरंच लांबलं. मला त्यातलं थोडंच कळलं. मी दुसऱ्याच विचारात होते. कुंभवलीच्या मैदानावरचा तो चेंडू, आमच्या कारखान्यांच्या पाळ्या, कुण्या अनोळखी माणसाचा राग, हे सगळं या उंच छताखाली आलं होतं आणि इतकी मोठी माणसं ते मन लावून ऐकत होती. माझी चूकसुद्धा वाया गेली नव्हती.

मनाई हुकूम मिळाला नाही. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही आमची पद्धत बदलणार नाही, असं आमचं निवेदन न्यायमूर्तींनी नोंदवून घेतलं. खटला अजून चालूच आहे, आणि शेवटी काय होईल ते बाईही सांगत नाहीत. पण त्या सीझनचा एकही सामना बंद पडला नाही. धुळवडीला धूसर दिसलं म्हणून पोरीची केस वाचली, असं बाबा पाळीतल्या सगळ्यांना सांगत सुटले.

फोनला मोजायला लावण्याची वाट आता तूर्तास आम्हाला बंद आहे. वेळापत्रक मात्र नीट ठेवता येतं. पुढच्या वर्षी सणांच्या सगळ्या सुट्ट्या मी त्यात आठवणीनं टाकल्या. धुळवडीला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत लख्ख दिसला. तो संपतो न संपतो तोच बाबांचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"आज एकदम साफ दिसलं गं. केस हरलात काय?"