मशीनच्या आत बसून बघ

इलोइलो शहरातल्या आमच्या कॉलेजात नेटवर्कचं काम एलिसेओ बघायचा. त्याच्यामागं आता त्याची बायको रोसेंदा बघते. आम्ही तिला मानांग म्हणतो, म्हणजे ताई. काम तिला त्यानंच शिकवलं.

तळमजल्यावर लोखंडी कपाटात नेटवर्कचा स्विच आहे. साऱ्या इमारतीच्या वायरी त्यात येतात आणि प्रत्येक वायरीपुढं एक ओळ लिहून ठेवता येते. लोक खोलीचा नंबर टाकतात. एलिसेओनं लिहिलं होतं, "ग्रंथालय, करकरणाऱ्या पंख्याखाली." "डीनबाई, आधी दार वाजव." आणि रोसेंदाच्या टेबलाला, "दायची वायर. ओढू नका, चावते." दाय म्हणून हाक मारायचा तो तिला.

त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. वरून हुकूम आला, स्विचवर नवी प्रणाली चढवा. त्याआधी, या ओळी ज्यात असतात ती आतली फाइल सर्व्हरवर ठेवायची असते. स्विच स्वतःच सर्व्हरच्या दाराशी जातो, नाव आणि पासवर्ड सांगतो. 'पुट' लिहिलं की आपली फाइल तिथं देतो, 'गेट' लिहिलं की तिथली घेऊन येतो.

एलिसेओ तिला चिडवायचा, "दाय, तू सदा बाहेर उभी. मशीनच्या आत बसून बघ. जाणारा स्विच आहे, तू नाहीस."

"आत बसायला जागा ठेवलीस का, इतक्या वायरी कोंबल्यास त्या?"

त्या दिवशी तिच्या मनात एकच होतं, नवऱ्याच्या ओळी सुखरूप आपल्याकडे घ्यायच्या. घ्यायच्या, म्हणून तिनं गेट लिहिलं. याच नावाची फाइल आहे, पुसून नवी ठेवू का, असं स्विचनं विचारलं. सर्व्हरवर सात वर्षांपूर्वीची एक प्रत पडून होती. तीच पुसली जाणार असं समजून तिनं हो म्हटलं, नवी प्रणाली चढवली आणि स्विच बंद करून चालू केला.

इंटरनेट सगळीकडे आलं. पण स्विचमध्ये आता ती जुनी प्रत येऊन बसली होती; ओळींच्या जागी खोली एक, खोली दोन, एवढंच.

मी गरम पाव घेऊन खाली गेले, तर ती कपाटासमोर फरशीवर बसलेली.

"काय झालं, मानांग?"

"पुसलं मी त्याला. मशीननं विचारलंसुद्धा होतं गं. मीच हो म्हटलं."

"दुसरी प्रत असेल ना कुठंतरी?"

"असती तर अशी बसले असते का? पाव खा आणि गप्प बस माझ्याजवळ."

मी बसले. मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

गेलेला माणूस चाळीस दिवस घरातच असतो, असं इकडे मानतात. ते दिवस सरायच्या आत तिनं आठवून, लोकांना विचारून सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या. डीनबाईंनी आपली ओळ स्वतः सांगितली आणि तोंड फिरवलं. रोसेंदानं आपल्या वायरीपुढं मात्र काहीच लिहिलं नाही.

"चावते, एवढं तरी लिही," मी म्हटलं.

"ते त्यानं म्हणायचं होतं. माझं मीच म्हणून काय करू?"

चाळिसाव्या दिवशी, प्रार्थनेला निघण्याआधी, ती स्विचसमोर बसली. "मी मशीन," असं हळूच म्हणाली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुट लिहिलं. फाइल गेली. तिच्या वायरीपुढची जागा रिकामी होती, तशीच गेली.