आमच्या दुकानाची जीभ

नंदुरबारच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, सुंठ, वावडिंग, काडेचिराईत, असला सगळा माल. वडील प्रत्येक जिन्नस गिऱ्हाइकासमोर जिभेला लावून पाहत आणि मगच पुडी बांधत. "जीभ खोटं बोलस नही," असं ते म्हणायचे. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा ही रीत माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबरची घमेंडही आली.

तोवर बाजारात बाटल्यांचं पेव फुटलं होतं. सुरतेच्या गाडीतून एजंट उतरत. डोक्यावर हॅट, हातात कातडी बॅग, आणि बॅगेत सगळ्या रोगांवर एकच लाल पाणी. औषधापेक्षा बूच भारी! एका कंपनीने कॅलेंडर वाटलं होतं, त्यात लक्ष्मीच्या पायाशी शक्तिवर्धकाची बाटली उभी होती. आमच्या गल्लीतल्या बायका लक्ष्मीला कुंकू लावताना बाटलीलाही लावत. मला या सगळ्यांची किळस यायची, विकणाऱ्यांची आणि विकत घेणाऱ्यांचीही.

त्यातच कुणीतरी सांगितलं की, विलायतेत नवी औषधं आता रंगाच्या कारखान्यांत होतात, दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात. मी पोट धरून हसलो. रंगाऱ्याने लुगडी रंगवावीत, त्याला नाडी धरायला कुणी सांगितलं? इंग्रजी औषधांपैकी मी फक्त कुनैन मानत असे. ते झाडाच्या सालीचं होतं आणि कडू होतं. पोस्टात त्याच्या पुड्या मिळत, आणि हिवतापाच्या दिवसांत आमचा सगळा मुलूख त्यावर तगून असे.

मग लढाई पेटली. जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं आणि कुनैन तिकडूनच येत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. पोस्टातल्या पुड्या संपल्या. अशा वेळी एक एजंट पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आला. आत पांढरीशुभ्र भुकटी. "अस्सल कुनैन, शेठ, शेवटचा डबा," तो म्हणाला. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. कडूजहर! असल्या माणसांना मी एरवी ओट्यावरही चढू देत नसे, पण जिभेने कौल दिल्यावर मला दुसरं कुणाचं ऐकायचंच नव्हतं. डबा ठेवून घेतला.

त्याच महिन्यात माझी थोरली बहीण, अक्का, शहाद्याहून माहेरी आली ती थंडीतापाने कुडकुडतच. सरकारी दवाखान्यातले कंपौंडर आमच्या ओळखीचे होते, म्हातारे मुसलमान गृहस्थ, गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. ते घरी आले आणि कुनैनच्या जागी सरकारने धाडलेल्या नव्या पिवळ्या गोळ्या देऊन गेले. "शेठ, जेवण व्हयनं का द्या. आंग पिवयं व्हई, घाबरू नका. ताप जाई."

मी त्यांच्यादेखतच नाक मुरडलं. ज्या गोळीने माणूस हळकुंडासारखा पिवळा होतो, तिला औषध म्हणायचं! ते गेल्यावर मी अक्काला बजावलं की रंगाऱ्याचा माल खायचा नाही, आणि माझ्या भुकटीच्या पुड्या तिच्या उशाशी ठेवल्या. ती हो म्हणाली.

चार दिवसांत अक्काचा ताप उतरला. अंग मात्र पिवळं दिसायला लागलं. मी म्हटलं कावीळ झाली, आणि जाऊन काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. तिने मुकाट्याने घालून घेतली. मग मी बाजारभर सांगत सुटलो की सरकारी गोळ्यांनी जे झालं नसतं ते आमच्या दुकानाने करून दाखवलं.

पुढच्या आठवडी बाजाराला धडगावकडचा एक पावरा आदिवासी आला. वडिलांच्या वेळेपासून तो डोंगरातून चारोळी आणि मध घेऊन दोन दिवस चालत आमच्याकडे यायचा. डोंगरातले लोक सगळ्यांनाच अरेतुरे करतात, तसा तोही मला करी. त्याची बायको तापाने आडवी झाली होती. दवाखान्यातून घेतलेल्या पिवळ्या गोळ्या त्याने मला विश्वासाने दाखवल्या, खरा माल आहे ना, असं विचारायला. मी त्या त्याच्या हातातून घेतल्या आणि गटारात फेकल्या. मग डबा काढला, त्याच्यासमोर भुकटी जिभेला लावली आणि पुड्या बांधून दिल्या. तो खूश होऊन गेला. त्याने माझ्या वडिलांना असंच करताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मी ही हकिकत घरात फुशारकीने सांगितली. अक्का वाढता वाढता थांबली.

"तुन्ही भुकटी मी चुल्हामा टाकी दिधी," ती म्हणाली. "चाचान्या गोयाच खाध्यात. तुन्हा राग मोठा शे, म्हनीसन बोलनू नही."

मी ताटावरून उठून डबा घेतला आणि तडक दवाखाना गाठला. चाचांपुढे डबा ठेवला. त्यांनी भुकटी बशीत घेतली आणि वर लिंबू पिळलं. ती फसफसून वर आली. खडू होता. कडवटपणासाठी त्यात काय घातलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. लिंबू तर माझ्या दुकानासमोरच टोपलीने विकत असत, पण मला जीभ असताना लिंबू कशाला लागणार होतं?

पावऱ्याच्या मागे जाता आलं असतं. दोन दिवसांची वाट, तो एका दिवसाने पुढे. मी स्वतःला सांगितलं की दुकान कुणावर सोडणार, घाटाची वाट आपल्याला ठाऊक नाही, बाई कदाचित आपोआप बरी होईल. एजंटांना मी जन्मभर लबाड म्हणत आलो. त्या आठवड्यात माझ्याइतका लबाड माणूस नंदुरबारात दुसरा नव्हता.

पुढच्या बाजाराला तो आला. चारोळीची गाठोडी उतरवली आणि ओट्यावर बसला.

"शेठ, बायको गयी," तो म्हणाला. "आते पोरले ताप शे. तीच भुकटी दे. जीभ लाईसन दे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्याला बसायला सांगून धावत दवाखान्यात गेलो आणि पिवळ्या गोळ्या घेऊन आलो. ती भुकटी खोटी होती, हे मी त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं. त्याने गोळ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ह्या तं तूच गटारमा फेक्यात," तो म्हणाला.

मी सांगत राहिलो, चाचांचं नाव घेतलं, अक्काचं उदाहरण दिलं. तो मान हलवत राहिला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तो कशाची वाट पाहत होता ते मला उशिरा कळलं. मी एक गोळी उचलली, त्याच्यासमोर जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं. तेव्हा कुठे त्याने बाकीच्या गोळ्या धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि तो उठला.

गोळी कडूजहर होती. इतके दिवस तिला नावं ठेवत होतो, पण ती मी एकदाही चाखून पाहिली नव्हती.