गाडीमागच्या काकू

जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत सकाळी कुणी गाडी सुरू केली, की काकू तिच्या मागे येऊन उभ्या राहायच्या. अंगावर शाल, साडीखाली कापडी बूट. "भैया, ब्रेक दबाइए." मागचे लाल दिवे लागले, की मान हलवून पुढच्या गाडीकडे. लोक हसायचे. काहीजण त्यांना चुकवून बाहेर पडायचे.

काकांची विमा कंपनीतल्या नोकरीत बदली झाली म्हणून दोघं अमरावतीहून इथे आली होती. आमेरच्या रस्त्यावर काकांच्या गाडीवर मागून ट्रक आदळला आणि ते गेले. अकोल्याची मुलगी बोलवत राहिली, पण काकू हलल्या नाहीत. एका गॅरेजात मिस्त्रीशेजारी बसून त्यांनी ब्रेकच्या दिव्यांचं काम तेवढं शिकून घेतलं.

एकदा माझ्या गाडीमागून त्या ओरडल्या, "थांब! दिवे लागून नाही राहिले तुझे."

"उशीर झालाय काकू. संध्याकाळी बघते."

त्यांनी डिकीवर दोन्ही हात टेकले. "संध्याकाळी नाही. आत्ता."

चेहरा असा झाला होता, की मी गाडी बंद केली. स्टिअरिंगखाली डोकं घालून त्या आडव्या झाल्या. ब्रेकच्या पेडलवर अंगठ्याएवढा स्विच असतो आणि त्याच्यामुळे मागचे दिवे लागतात, हे मला तेव्हा कळलं. "वायर ठीक आहे. मतलब, स्विचच गेला," आतून आवाज आला. ऑटोने जाऊन त्यांनी त्याच मापाचा स्विच आणला, बसवला, नट आवळला आणि गाडीमागे गेल्या.

"दाब." दिवे लागले. "सोड." विझले. "दाब. सोड. दाब." माझा पाय दुखायला लागला, तरी त्या थांबेनात. शेवटी मीच उतरून त्यांना हात धुवायला घरी नेलं.

बेसिनपाशी, नळ तसाच वाहता ठेवून, त्या म्हणाल्या, "त्या सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं होतं गं. यांनी फाटकापाशी ब्रेक मारला, दिवे लागले नाहीत. म्हटलं, आल्यावर सांगू. हाक मारायचा कंटाळा केला मी."

तुमची चूक नव्हती, असं म्हणायला हवं होतं. मी नळ बंद केला.

"मुलीला माहीत आहे?"

"नाही."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. सामान टॅक्सीत ठेवताना मला म्हणाली, "ह्या वयात आई हे सगळं शिकली. किती जीव होता तिचा बाबांवर, नाही?"

काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या. काच खाली होती आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "खूप."

काकूंनी हळूहळू काच वर घेतली.