आडवी रेषा

सुर्ल्याहून चुलतभावाचा फोन आला. "मालती गेली गो…" एवढेच तो बोलला. मालतीवहिनी त्याची बायको. त्या फोनला आता महिना झाला.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. ती गणिताची पदवीधर. डिचोलीच्या एका शाळेने तिला जूनपासून नोकरी देऊ केली होती. घराच्या तीन बाजूंना खाण, चौथ्या बाजूला खनिजाच्या ट्रकांचा रस्ता. सुनेने त्या रस्त्याने रोज ये-जा करणे तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या काकांना, मान्य नव्हते. बिऱ्हाड डिचोलीला हलवायलाही ते तयार नव्हते. "बांयत उदक आसा मेरेन हांव हालचो ना." विहिरीत पाणी असेतोवर हलणार नाही, हा त्यांचा शब्द.

खाणीचे पंप जमिनीखालचे पाणी उपसत होते. त्या वर्षी विहीर दिवाळीपासूनच उतरू लागली. वहिनी दर महिन्याला दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडी, वर ओढी आणि जिथवर भिजली तिथे लाल धागा बांधी. y = mx + c मला विहिरीच्या कठड्यावर समजले.

"मोजायला लागलो तेव्हा पाणी बारा हात. तो c. महिन्याला दोन हात उतरते, तो m. उतरते म्हणून उणे. आता सांग बाय, शून्य कधी?"

"सहा महिन्यांनी. वैशाखात… वैनी, मग पाणी कुठले प्यायचे?"

"डिचोलीच्या नळाचे," ती म्हणाली आणि हसली.

आम्ही सगळे ज्या दिवसाला भीत होतो, त्याची ती वाट पाहत होती. तिने ट्रंकही भरली होती.

पाणी चार हातांवर आले आणि खाणीचा घराजवळचा खड्डा बंद झाला. पंप थांबले. पुढच्या महिन्यात धागा त्याच जागी बांधावा लागला. काकांनी देवाला नारळ दिला.

"आता समीकरण काय?" मी विचारले.

"m शून्य. रेषा आडवी. कितीही लांब काढ, खालच्या अक्षाला ती भेटतच नाही."

जूनमध्ये शाळेने दुसरी शिक्षिका घेतली. पुढे काका वारले. मग त्यांचा शब्द भाऊ बोलू लागला. विहीर दर वैशाखात चार हातांवर येऊन थांबत राहिली…

बाराव्याला गेले होते. न्हाणीबाहेरच्या खुंटीवर ती दोरी अजून आहे. बारा, दहा, आठ, सहा हातांवर एकेक धागा. चार हातांवर मात्र धाग्यांचा मुठीएवढा गोळा झाला आहे. आतले विटलेले. सगळ्यात वरचा अजून लाल.