जास्तीची गोळी

मायनं मला आयुष्यात एकदाच मारलं, तेही मिठासाठी. मी तेव्हा नववीत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, सिंदेवाहीच्या पुढं जंगलाच्या कडेला आमचं गाव. मडक्यातलं खडेमीठ मी मूठभर पळवायची आणि शाळेच्या वाटेवर चिंचेबरोबर चोखायची. चिंच नसली तर नुसतंच. त्याच वर्षी मी काळी पडायला लागले होते. हातावरच्या रेषा, कोपरं, हिरड्यासुद्धा. मायनं हळद-बेसन लावून माझी कोपरं सोलून काढली. भाताच्या रोवणीत चिखलात उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग मी बांधावर बसायची. आणि ती सगळ्या बायांसमोर मला कामचोर म्हणायची.

मग एक दिवस मी शाळेतच कोसळले. नागभीडहून छोट्या रुळांच्या रेल्वेनं आम्ही दोघी नागपूरला गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडाच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, हिच्या त्या निकामी झाल्यात. अंगात मीठ टिकत नाही, म्हणून पोरगी मीठ खाते. काळवंडतेही त्यामुळंच.

माय खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाली. म्हणाली, "म्या हिले मिठासाठी मारलं, साहेब."

डॉक्टरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि औषध समजावलं. स्टेरॉइडची गोळी, सकाळी एक, दुपारी अर्धी, जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही, आपल्या मनानं बंद करायची नाही. ताप आला तर दुप्पट, आणि उतरला की पुन्हा नेहमीइतकीच. उलटीमुळं गोळी पोटात ठरली नाही तर इंजेक्शन द्यायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. नर्सनं सरावासाठी मायच्या हातात सुई आणि संत्रं दिलं. जिनं आयुष्यभर विळाच धरला होता, ती ओठ दाबून संत्र्यात पाणी भरत राहिली. मला हसू आवरेना.

गोळीनं मी पुन्हा माणसात आले. पण मायच्या पोटात ती मिठाची मूठ अडकून बसली होती. मी शिंकले की तिचा हात माझ्या कपाळावर. जरा कोमट लागलं की दुपारच्या अर्धीची एक व्हायची, सकाळच्या एकीच्या दोन.

आणि इथं मला एक शोध लागला. जास्तीची गोळी पोटात गेली की काय भूक लागायची! अंगात वारं भरायचं, उगाच हसू यायचं, सगळं गाव पालथं घालावंसं वाटायचं. वर्षभर अंग ओढत फिरलेल्या पोरीला ते किती गोड लागलं असेल सांगा. मी खोकायला लागले. खोकल्यानं भागेना तेव्हा चुलीजवळ बसून कपाळ शेकायचं, मग मायला हाक मारायची. माय धावत यायची, कपाळ पाहायची, गोळी द्यायची. वर गुळाचा खडा. एक नंबरची बिलंदर होते मी.

हिवाळ्यापर्यंत माझा चेहरा भाकरीसारखा गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, "पोरगी बाळसं धरून राह्यली वं." माय खूश.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन पाहिलं, रक्तदाब पाहिला, रक्तातली साखर पाहिली आणि भडकले. "बाई, हे पेढे आहेत का वाटायला? कमी पडली तर जीव जातो, जास्त झाली तर हाडं पोखरतात. आणि आता घाबरून एकदम तोडू नका. मी सांगतो तशी हळूहळू उतरवा. पण मला सांगा, हिला इतक्या वेळा ताप आला तरी कसा?"

माय माझ्याकडं बघायला लागली. मी वरती पंख्याकडं. पंखा बंद होता.

"माहीच चुकी हाय, साहेब," माय म्हणाली. "मले भेव वाटे."

तिनं खाली मान घालून आणखी बरंच ऐकून घेतलं. येताना नागभीडच्या स्टेशनावर तिनं मला फुटाणे घेऊन दिले. मी ते सगळे खाल्ले.

त्यानंतर मी खोकणं सोडलं. पण माय बदलली. खरी सर्दी झाली तरी ती थर्मामीटर लावून, पुन्हा लावून, मग गोळी वाढवावी की नाही, या घोरात बसून राहायची. कपाळाला लावलेल्या हातावर तिचा भरवसा उरला नव्हता.

पुढच्या रोवणीत सकाळीच मला उलट्या सुरू झाल्या. गोळी घेतली, पडली. दुसरी घेतली, तीही पडली. नाल्याला पूर, वाट बंद. कुणीतरी भाताच्या बांधीतून मायला बोलावून आणलं. मी ओसरीवर आडवी होते, पाय माझे नव्हतेच, आवाजही लांबून येत होते. तिनं हात धुतले, इंजेक्शनचा डबा काढला, बाटलीतल्या भुकटीत पाणी सोडलं, सुई भरली. आणि थांबली.

घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तरी ती माझ्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, "बाई, खरं सांग. आज चुलीजवळ नाई ना बसली?"

मला मरणाची लाज वाटली. मरायला टेकलेल्या माणसालाही लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं. "नाई माय," एवढंच म्हणता आलं. पुढच्या क्षणी मांडीत सुई गेली.

पाणी उतरल्यावर गावातल्या माणसांनी मला खाटेवरून नाल्यापार नेलं. सिंदेवाहीच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनला आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. माय त्यांच्यासमोरही खाली मान घालूनच उभी होती. तो उशीर कुणामुळं झाला, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

पडल्या पडल्या मी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"कपाळाले राख लागून राहे तुह्या. त्या दिवशी तू पंख्याकडं पाह्यलं, तवा ध्यानात आलं."

"मग डॉक्टरले काऊन नाई सांगितलं?"

ती माझ्या पायावरचं पांघरूण नीट करत होती. "मिठासाठी मारलं होतं ना तुले," म्हणाली. "आता गोळीसाठी बोलणं खायले लावू का?"