नव्या लेन्सचे कुंकू

पडद्यावर चित्र आले नाही की उस्ताद मशीनकडे पाहत नसत, प्रेक्षकांकडे पाहत. केबिनच्या झरोक्यातून त्यांचे डोके बाहेर येई, डोळ्यांवर आडवा हात धरला जाई आणि खालच्या अंधारात गुन्हेगाराचा शोध सुरू होई. मग डोके आत जाई आणि निकाल लागे.

"मशीन बरोबर हाये. पब्लिक खराब हाये आज."

अमरावतीच्या एका टॉकीजचे ते हेड ऑपरेटर. कागदोपत्री त्यांचे नाव वेगळे होते, पण गाव त्यांना उस्तादच म्हणे. मी तेव्हा एका दैनिकात होतो. दर शुक्रवारी लागणाऱ्या नव्या सिनेमावर चार ओळी लिहिणे माझ्याकडे असे. पासावरची माझी खुर्ची बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, केबिनच्या दाराला लागून होती. त्यामुळे पुष्कळदा पडद्यापेक्षा केबिनच अधिक रंगतदार वाटे.

उस्तादांच्या हाती मशीन बिघडत नसे, असे तेच सांगत. मशीनमधला आर्क, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली डोळे दिपवणारी ज्योत, पेटला नाही की थर्ड क्लासातल्या बिड्यांच्या धुराने कार्बन गुदमरलेला असे. चित्र अंधुक झाले की कापसाच्या जिनिंगवाल्यांनी वीज ओढलेली असे. एकदा पहिलेच रीळ उलटे चढले. नायिका डोक्यावर चालू लागली आणि तिचे गाणे शेवटाकडून सुरू झाले. मॅनेजर धावत आला. उस्तादांनी शांतपणे सांगितले की पेटी अकोल्याहून आली आहे आणि बडनेरा स्टेशनच्या हमालाने ती उलटी ठेवली. हे स्पष्टीकरण गावाने मान्य केले. अकोल्याहून सरळ काही येत नाही, याची अमरावतीला खात्री होतीच.

त्यांच्या हाताखाली तुळशीराम होता. दर्यापूरकडचा, मॅट्रिक झालेला, ऑपरेटरचे लायसन स्वतःच्या नावावर असलेला. छप्पन साली नागपूरला त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून शुक्रवारच्या मशीनपूजेला तो केबिनबाहेर जिन्यावर उभा राही आणि आरती संपली की आत येऊन कामाला लागे. त्याचा कप दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेला असे. त्याचे हात तेलाचे असतात, असे उस्ताद कारण देत. तेल उस्तादांच्याही हाताला असे. त्यांचा कप कपाटात असे.

"तुयाला देव बदलला," उस्ताद त्याला म्हणत, "म्हनून मशीनचा बदलला का?"

तुळशीराम रीळ गुंडाळत राही.

एका शुक्रवारी नवी लेन्स आली. शेठजींनी, म्हणजे टॉकीजच्या मालकांनी, ती मुंबईहून मागवली होती. धामणगावच्या धान्यबाजारात आयुष्य गेलेल्या या गृहस्थांनी चित्रावर इतका खर्च प्रथमच केला होता आणि तो वसूल होताना पाहायला ते सहकुटुंब बाल्कनीत येऊन बसले होते. शोच्या आधी पूजा झाली. उस्तादांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि कुंकू घेतले. जुन्या लेन्सला ते कधी लावले नव्हते. नव्या वस्तूला मात्र लावायलाच हवे. काचेवर कोरडे कुंकू टिकत नाही, म्हणून त्यांनी ते तेलात कालवले आणि लेन्सच्या मधोमध अंगठ्याने भरघोस टिळा ओढला. जिन्यावरून तुळशीराम एवढेच म्हणाला की काचेवर नका लावू. पूजेतले त्याला काय समजते, असे उस्तादांनी विचारले आणि आरती पुढे चालू ठेवली.

दिवे मालवले गेले. आवाज स्वच्छ आला. पडद्यावर मात्र तांबूस धुके पसरले आणि त्यात काही माणसे कुंकवाच्या पाण्यात बुडाल्यासारखी हलू लागली. खाली शिट्ट्या झाल्या, मग खुर्च्या वाजल्या. उस्तादांचे डोके झरोक्यातून बाहेर आले. त्यांनी थर्ड क्लास तपासला, बाल्कनी तपासली. या खेपेला बाल्कनीत शेठजींचे कुटुंब होते, म्हणून पब्लिकला दोष देता येईना. दिवे लावले गेले. शेठजी उठून केबिनमध्ये आले, त्यांच्यामागे मॅनेजर आणि गेटकीपर.

लेन्स दारातूनही दिसत होती. तिच्यावरचा लाल डागही दिसत होता. मॅनेजरला दिसला, गेटकीपरला दिसला, शेठजींनाही दिसला असणार. कोणी त्याचे नाव काढले नाही. शुक्रवार, लक्ष्मीचा वार. नवी वस्तू. तिचे कुंकू पहिल्याच दिवशी पुसायचे, आणि तेही मालकाची सवाष्ण बायको बाहेर बसलेली असताना? चार माणसे त्या डागाच्या आजूबाजूला पाहत उभी राहिली. मॅनेजरने वीज कंपनीला फोन करावा का, असे विचारले.

उस्तादांनी तोवर कारण शोधले होते. सगळ्यांनी मशीनला हात जोडले, एकाने जोडले नाहीत. मशीन बरोबर होते. माणूस खराब होता.

शेठजी व्यवहारी होते. त्यांनी तुळशीरामला सांगितले की एकदा हात जोड आणि विषय मिटव, नाहीतर उद्यापासून येऊ नको. गावातल्या दुसऱ्या कुठल्या केबिनमध्ये त्याला कोणी उभे करणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यालाही होते. त्याची बायको आणि दोन मुली याच पगारावर होत्या.

तुळशीराम मशीनकडे पाहत म्हणाला, "हात नाही जोडत, शेठजी. पुसाचं असंल तर पुसतो."

खालून कोणीतरी पैसे परत मागत होते, मग बरेच जण मागू लागले. शेठजींनी उस्तादांकडे पाहिले. उस्ताद छताकडे पाहू लागले.

"तुले काय, तुयाला देव नाही," शेठजी अखेर म्हणाले. "पूस मंग."

"पुसतो. पन पुसल्यावर मी इथंच राह्यीन. हे आत्ता बोला, या लोकायसमोर."

शेठजींनी एकदा खालच्या गोंगाटाचा अंदाज घेतला. "राह्य," ते म्हणाले.

तुळशीरामने खिशातून रुमाल काढला. त्याबरोबर चौघांनीही तोंडे फिरवली. पुसताना न पाहिल्यास पाप लागत नाही, असा काही नियम त्यांना एकाच वेळी आठवला असावा. चित्र आले ते असे की पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी झरोक्यातून त्या स्वीकारल्या.

यातून कोणी काय शिकले, असे तुम्ही विचाराल. पूजा बदलली नाही. पुढच्या शुक्रवारी टिळा त्याच जागी लागला, आरती झाली, आणि मग तुळशीरामला पुसायला आत बोलावण्यात आले. ते त्याचे काम म्हणून ठरून गेले. कप खिळ्यालाच राहिला. पुढे एका शुक्रवारी तो तापाने घरी होता. उस्तादांचा अंगठा काचेजवळ गेला, थांबला आणि बाजूच्या पितळी कड्यावर टेकला. पुसायला कोणी नव्हते. तेव्हापासून टिळा कड्यावर लागू लागला, आणि ही पद्धत फार जुनी असल्याचे उस्ताद नवख्यांना सांगत.

काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. ते अकोल्याला मुलाकडे गेले. तिथून सरळ काही येत नाही, हे मत त्यांनी जाताना मागे ठेवले की सोबत नेले, ते कळले नाही. कापूसबाजाराच्या बातमीसाठी मी अकोल्याला गेलो असता त्यांना भेटलो. ते ओट्यावर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखले.

"मशीनवर कोन हाये आता?"

तुळशीराम, असे मी सांगितले.

"मीच ठेवला त्याले," उस्ताद म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हात जोडते का?"

"नाही."

"आन् चित्र?"

"साफ येतं."

सून चहा ठेवून गेली. त्यांनी कप चाचपून हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"त्याले सांगजा," ते म्हणाले, "आर्ककडं पाह्यताना काया चष्मा लावत जाय म्हना. उघड्या डोयानं नोको पाहू. मी नाही लावला."

इतक्या वर्षांत कुठल्याही बिघाडात त्यांनी स्वतःचे नाव घेतल्याचे मी ऐकले नव्हते.

अमरावतीला परतल्यावर मी केबिनमध्ये गेलो आणि निरोप सांगितला. तुळशीरामच्या डोळ्यांवर काळा चष्मा होताच. त्याने तो काढला.

"मी नाही लावला, असं म्हनले उस्ताद?"

मी हो म्हणालो. खाली शोची घंटा झाली. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तो आर्ककडे वळला.